शटडाउन म्हटल्यावर आत काय काय चालतं

कॉम्प्युटर चालू होताना आपण वाट बघतो, कारण पुढे काम करायचं असतं. बंद करताना मात्र कुणालाच थांबायचं नसतं. शटडाउनवर क्लिक करायचं, स्क्रीन काळी पडली की भिंतीवरचं बटण बंद करायचं आणि निघायचं. घरात, झेरॉक्सच्या दुकानात, सोसायटीच्या ऑफिसात हीच पद्धत दिसते. शंभरातल्या बहुतेक वेळा काही बिघडत नाही, म्हणून ती सवय अंगवळणी पडते. मग एखाद्या दिवशी फाइल उघडत नाही, हिशेबाचं सॉफ्टवेअर डेटा खराब झाल्याचं सांगतं, आणि आदल्या संध्याकाळी काय केलं होतं ते कुणाला आठवत नाही. बंद होणं हे कॉम्प्युटरच्या दिवसभरातल्या महत्त्वाच्या कामांपैकी एक आहे. ते काम नेमकं काय असतं हे कळलं, की कुठे थांबायचं आणि कुठे थांबण्यात अर्थ नाही हे आपोआप कळतं.

सगळ्याचं मूळ एका गोष्टीत आहे. तुम्ही 'सेव्ह' म्हणता तेव्हा मजकूर त्याच क्षणी डिस्कवर उतरतोच असं नाही. रॅमच्या मानाने डिस्क हळू चालते, फिरती हार्ड डिस्क तर फारच हळू. म्हणून ऑपरेटिंग सिस्टिम लिहायचा मजकूर आधी रॅममध्ये ठेवून घेते, प्रोग्रामला 'झालं' म्हणून कळवते आणि सवडीने डिस्कवर लिहिते. विंडोजमध्ये हे काम करणारा भाग दर सेकंदाला जागा होतो आणि साठलेल्या मजकुरापैकी साधारण आठवा हिस्सा लिहायला घेतो. लिनक्समध्ये नेहमीच्या सेटिंगला बदललेला मजकूर ३० सेकंदांपर्यंत रॅममध्येच राहू शकतो. त्याच्याही खाली डिस्कची स्वतःची छोटी मेमरी असते, तिथेही थोडं काही साठलेलं असतं. किराणा दुकानदार गर्दीच्या वेळी उधारी कच्च्या कागदावर टिपून ठेवतो आणि रात्री दुकान वाढवताना खातेवहीत चढवतो, तसाच हा प्रकार आहे. शटडाउनमधलं सर्वांत मोठं काम म्हणजे ही कच्ची टिपणं पक्की करणं. वीज मध्येच गेली तर कच्चा कागदच उडतो, कारण रॅममधलं काहीच विजेशिवाय टिकत नाही.

आता क्रम बघू. तुम्ही क्लिक केल्यावर विंडोज सगळ्यात आधी उघड्या असलेल्या प्रत्येक प्रोग्रामला निरोप पाठवते: आपण आवरतोय, तुझी हरकत आहे का? सेव्ह न केलेली फाइल असेल तर वर्ड किंवा एक्सेल 'थांब' म्हणतं आणि तुम्हाला विचारतं. एखादा प्रोग्राम पाच सेकंदांत उत्तरच देत नाही. मग पूर्ण पडदाभर यादी येते, 'धिस ॲप इज प्रिव्हेंटिंग शटडाउन' असं लिहिलेली, आणि खाली दोन बटणं: 'शट डाउन एनीवे' आणि 'कॅन्सल'. या पडद्यावर बहुतेक लोक न वाचता पहिलं बटण दाबतात. माझं कळकळीचं सांगणं आहे की आधी यादीतली नावं वाचा. त्यात तुम्ही स्वतः उघडलेल्या प्रोग्रामचं नाव असेल तर 'कॅन्सल' करा, मागे जा, फाइल सेव्ह करून तो प्रोग्राम हाताने बंद करा. नाव ओळखीचं नसेल, पाठीमागे चालणारं काहीतरी असेल, तर जबरदस्तीने बंद करायला सहसा हरकत नसते. वर्डमध्ये ऑटोरिकव्हर असतं म्हणून निर्धास्त राहू नका. त्याची नेहमीची सेटिंग दर दहा मिनिटांची असते, म्हणजे शेवटच्या नऊ मिनिटांचं लिखाण जाऊ शकतं.

याच पडद्यामुळे आणखी एक घोळ होतो. माणूस शटडाउन म्हणून पाठ फिरवतो, घरी जातो, आणि मशीन तो प्रश्न तसाच समोर धरून रात्रभर चालू राहतं. पहाटे लाइट जाते आणि कालची फाइलही तिच्याबरोबर जाते. म्हणून मशीन खरोखर बंद झालेलं बघूनच खुर्ची सोडावी.

उघडे प्रोग्राम मिटले की पाळी येते न दिसणाऱ्यांची. प्रिंटरची रांग सांभाळणारी, अँटिव्हायरसची, डेटाबेसची अशा कितीतरी सर्व्हिस पाठीमागे चालू असतात. विंडोज ८ पासून त्यांना आवरायला नेहमीच्या सेटिंगला फक्त पाच सेकंद मिळतात. त्याआधीच्या आवृत्त्यांत ही मुदत जास्त होती. मुदत संपली की सर्व्हिस मारली जाते. ब्राउझरला पाच सेकंद पुरतात. पण हिशेबाच्या, दवाखान्याच्या किंवा ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरमागचा डेटाबेस दिवसभराच्या नोंदींचं ओझं घेऊन बसलेला असतो, त्याला ते पुरतीलच असं नाही. तिथे एकच पद्धत पाळावी: शटडाउनच्या आधी ते सॉफ्टवेअर त्याच्या स्वतःच्या 'एक्झिट'मधून बंद करायचं, मिनिटभर थांबायचं, मग शटडाउन. ऑफिसात एका मशीनवर डेटा आणि बाकीची मशीन त्याला जोडलेली असतील, तर आधी बाकीची बंद करा आणि डेटा असलेलं सर्वांत शेवटी. सकाळी बरोबर उलट, ते सर्वांत आधी चालू. अनेक ठिकाणी हा क्रम कुणीच ठरवलेला नसतो. ज्याचं काम आधी संपतं तो आधी निघतो, आणि डेटावालं मशीन मधेच बंद पडतं. दाराजवळ चार ओळींचा कागद चिकटवला तरी हे टळतं.

लिनक्स या बाबतीत जास्त धीराची आहे. आजच्या बहुतेक लिनक्समध्ये सर्व्हिस सुरू-बंद करणारी सिस्टिम-डी प्रत्येक सर्व्हिसला आधी 'आवरतं घे' असा सौम्य इशारा देते आणि ९० सेकंद थांबून मगच सक्तीने बंद करते. कधीकधी पडद्यावर 'ए स्टॉप जॉब इज रनिंग' अशी ओळ येते आणि सेकंद मोजले जातात. ते मोजून होऊ द्यावं, मशीन अडकलेलं नसतं.

मग खुद्द सिस्टिमचा गाभा आवराआवर सुरू करतो. विंडोजच्या रजिस्ट्रीतले, म्हणजे सेटिंगच्या साठ्यातले, बदल डिस्कवर जातात, साठवलेला मजकूर उतरतो, ड्रायव्हरांना निरोप जातो. डिस्कला सांगितलं जातं की तुझ्या मेमरीतलंही लिहून टाक. हार्ड डिस्क आपली डोकी, म्हणजे वाचणारे-लिहिणारे हेड, तबकड्यांवरून उचलून बाजूला ठेवते. एसएसडीत हलणारा भाग नसतो, पण तिला दुसरं काम असतं. कुठला मजकूर आपल्या चिपमध्ये प्रत्यक्ष कुठे पडलाय याचा नकाशा ती सतत बदलत असते. नव्या एनव्हीएमई एसएसडीला तर बंद होण्याची वेगळी सूचना मिळते, आणि ती 'माझं आवरलं' म्हणेपर्यंत सिस्टिम थांबते. सूचना न देता वीज तोडली तर पुढच्या वेळी एसएसडीला तो नकाशा जुळवत बसावा लागतो, आणि स्वस्त एसएसडी त्यात कधीकधी कायमच्या जातात. सर्व्हरसाठीच्या महाग एसएसडींत अशा वेळी तग धरायला कपॅसिटर बसवलेले असतात. घरगुती एसएसडींत ते क्वचितच सापडतात.

शेवटचं पाऊल गमतीचं आहे. सगळं आवरल्यावर सिस्टिम मदरबोर्डवरच्या एका ठरलेल्या रजिस्टरमध्ये एक छोटा आकडा लिहिते. त्याचा अर्थ 'वीज तोड'. मदरबोर्ड पॉवर सप्लायकडे जाणाऱ्या हिरव्या वायरवरचा इशारा सोडतो आणि सप्लाय आपल्या मुख्य लाइनी बंद करतो. ही सोय जुनी नाही. इंटेलने १९९५ मध्ये एटीएक्स हा मदरबोर्ड आणि सप्लायचा नमुना आणला. डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी एसीपीआय नावाचा नियमसंच जाहीर केला, त्यात सिस्टिमने वीज कशी हाताळायची हे ठरलं. त्याआधीच्या मशीनचं बटण थेट विजेच्या लाइनीवर असायचं. विंडोज ९५ आपलं आवरून काळ्या पडद्यावर नारिंगी अक्षरांत कळवायची की आता बंद करायला हरकत नाही, आणि मग माणूस बटण दाबायचा. नव्वदीच्या दशकात कॉम्प्युटर क्लासला गेलेल्यांना तो पडदा आठवत असेल. तेव्हा आवरण्याचं काम कधी संपलं हे स्पष्ट दिसायचं. आता ते दिसत नाही, हीच अडचण आहे.

कारण आजच्या मशीनमध्ये स्क्रीन काळी पडते ती काम संपायच्या आधी. पडद्याला जाणारं चित्र थांबतं, तरी डिस्कवर लिहिणं काही सेकंद चालू असू शकतं. भिंतीवरचं बटण याच वेळी बंद केलं जातं. कॅबिनेटचा पंखा थांबला, पॉवरचा दिवा विझला, की मगच बटण बंद करावं. लॅपटॉपच्या बाबतीत दिवा विझल्याशिवाय तो बॅगेत घालू नये.

आता सगळ्यात कमी माहीत असलेली गोष्ट. विंडोज ८ आली तेव्हापासून, म्हणजे २०१२ पासून, 'शट डाउन' म्हणजे पूर्ण बंद असं राहिलेलं नाही. फास्ट स्टार्टअप नावाची सोय बहुतेक मशीनमध्ये सुरुवातीपासून चालू असते. तुम्ही शटडाउन म्हणता तेव्हा तुमचे प्रोग्राम खरोखर बंद होतात, तुमचं लॉगिन संपतं. पण सिस्टिमचा गाभा आणि ड्रायव्हर ज्या अवस्थेत आहेत तिची नक्कल डिस्कवरच्या एका फाइलमध्ये लिहून ठेवली जाते. सकाळी ती नक्कल परत रॅममध्ये चढवली जाते, म्हणून मशीन लवकर उठतं. स्क्रीन काळी पडल्यावरही डिस्क चालू राहते, त्यामागचं एक कारण हेच.

परिणाम असा की कालचा बिघाडही नकलेबरोबर आज परत येतो. प्रिंटर दिसत नाही, वायफाय मधेच तुटतं, आवाज येत नाही. माणूस मशीन बंद करून चालू करतो, फरक पडत नाही आणि दुरुस्तीवाल्याला फोन जातो. तो सांगतो 'रिस्टार्ट करा', आणि खरंच चालायला लागतं. यात जादू काही नाही. रिस्टार्टमध्ये विंडोज ही नक्कल करत नाही, सगळं मुळापासून बंद करून मुळापासून सुरू करते. आज बंद करण्यापेक्षा रिस्टार्ट करणं हीच खरी नवी सुरुवात आहे.

स्वतः पडताळून बघायचं असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. 'परफॉर्मन्स'मध्ये 'सीपीयू'वर या, खाली 'अप टाइम' दिसेल. त्यातला पहिला आकडा दिवसांचा. रोज इमानाने शटडाउन करणाऱ्यांच्या मशीनवरही तिथे आठवडा, दोन आठवडे दिसतात, कारण विंडोजच्या हिशेबात ते मशीन बंद झालेलंच नसतं.

मग काय करावं? मशीनमध्ये एसएसडी असेल तर फास्ट स्टार्टअप बंद करून टाका असं माझं मत आहे, वाचणारे थोडे सेकंद त्या कटकटीच्या मोलाचे नाहीत. कंट्रोल पॅनेलमध्ये 'पॉवर ऑप्शन्स', तिथे 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू', मग वरची 'चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल' ही ओळ, आणि खाली 'टर्न ऑन फास्ट स्टार्टअप'समोरची खूण काढून सेव्ह करायचं. जुनी हार्ड डिस्क असेल तर सोय राहू द्या, तिथे फरक खरंच जाणवतो. फक्त आठवड्यातून एकदा रिस्टार्ट करा. एखाद्याच दिवशी पूर्ण बंद हवं असेल तर शिफ्ट दाबून धरून 'शट डाउन'वर क्लिक करा. एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवणाऱ्यांनी मात्र हे सेटिंग बंदच ठेवावं. विंडोज अर्धवट झोपलेली असताना लिनक्समधून तिच्या ड्राइव्हवर लिहिणं धोक्याचं आहे, आणि म्हणूनच लिनक्स तो ड्राइव्ह बऱ्याचदा फक्त वाचण्यापुरता उघडते.

आता लाइट जाण्याबद्दल. वीज जाणं हे आपल्याकडे वेळापत्रकात बसलेलं आहे. पावसाळ्यात तर दिवसातून कितीदा जाईल सांगता येत नाही. चांगल्या पॉवर सप्लायच्या कपॅसिटरांत जेमतेम १६ मिलिसेकंद पुरेल एवढी वीज असते. आपल्या ५० हर्ट्‌झच्या विजेचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं, म्हणजे एवढ्यात तर एक आवर्तनही पुरं होत नाही. घरच्या इन्व्हर्टरला बॅटरीवर जायला याहून जास्त वेळ लागला की मशीन रिस्टार्ट होतं. शेजारी ठेवलेल्या दोन मशीनपैकी एक टिकतं आणि दुसरं पडतं, ते याच कारणाने: एकाचे कपॅसिटर ताजे, दुसऱ्याचे दमलेले, किंवा एकावर कामाचा भार कमी. बऱ्याच इन्व्हर्टरवर 'यूपीएस मोड' असं बटण असतं, ते लावलं की अदलाबदल लवकर होते. कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर असेल तर आधी ते बघा.

वीज अचानक गेली की हार्ड डिस्क एक सुंदर युक्ती करते. तबकड्या अजून फिरत असतात; त्यांच्या मोटरचाच जनित्र म्हणून उपयोग करून ती स्वतःपुरती वीज मिळवते आणि त्या बळावर हेड बाजूला घेते. तो 'टक' आवाज ऐकू येतो. पण ही आणीबाणीची सोय आहे, रोजची नाही. आणि हेड वाचले तरी रॅममधली कच्ची टिपणं गेलेलीच असतात. विंडोजची एनटीएफएस फाइल पद्धत आपल्या फोल्डरांच्या रचनेची रोजनिशी ठेवते, त्यामुळे पुढच्या वेळी रचना जागेवर येते. फाइलच्या आतल्या मजकुराची मात्र ती रोजनिशी ठेवत नाही. म्हणून कधीकधी फाइल नावासकट, आकारासकट जागेवर दिसते आणि उघडली की आत काहीच नसतं.

यावर इलाज म्हणजे यूपीएस, आणि तो नीट वापरणं. साधा ६०० व्हीएचा यूपीएस एका डेस्कटॉपला साधारण दहा-पंधरा मिनिटं पुरतो, तेही बॅटरी चांगली असेल तर. आतली शिशाची बॅटरी दोन-तीन वर्षांत दमते. त्यानंतर तो टेबलाखाली नुसता ओरडतो, सांभाळत नाही. यूपीएस ओरडायला लागला की काम चालू ठेवू नका. सेव्ह करा, आवरा, शटडाउन करा; ती मिनिटं त्यासाठीच आहेत. प्रिंटर, विशेषतः लेझर प्रिंटर, यूपीएसवर लावू नका, तापताना तो एवढी वीज ओढतो की सगळंच बसतं. काही यूपीएसना यूएसबी वायर असते. ती जोडली तर मशीनला लाइट गेल्याचं कळतं, आणि कुणी नसतानाही ते स्वतःहून नीट बंद होतं. रात्री चालू राहणाऱ्या मशीनसाठी एवढे जास्त पैसे जरूर घालावेत.

मशीन अडकलं तर काय? घाईने बटण दाबून धरण्याआधी कॅप्स लॉक दाबून बघा. त्याचा दिवा चालू-बंद होत असेल तर सिस्टिम जिवंत आहे, कदाचित फक्त चित्र गेलंय. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकत्र दाबली की चित्राचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो, कित्येकदा तेवढ्याने पडदा परत येतो. नाही आला तर पॉवरचं बटण एकदाच, हलकेच दाबून सोडा. हे दाबणं म्हणजे वीज तोडणं नव्हे; सिस्टिमला निरोप जातो आणि सेटिंगप्रमाणे ती नीट बंद होते किंवा झोपते. दोन-तीन मिनिटं थांबा. त्यानंतरही ढिम्म असेल तरच बटण चार सेकंदांहून जास्त दाबून धरा. या लांब दाबण्याला सिस्टिमची परवानगी लागत नाही, हार्डवेअर सरळ वीज तोडतं. काही लॅपटॉपना दहा सेकंदही लागतात.

अपडेट चालू असताना मात्र हा उपाय करू नका. टक्के एकाच आकड्यावर अडकलेले दिसले तरी आत फाइली बदलणं चालू असतं, आणि तिथे वीज तोडली तर विंडोज पुन्हा उभी राहायला फार त्रास देते. मी तरी तासभर वाट बघितल्याशिवाय बटणाला हात लावणार नाही. लॅपटॉप असेल तर अपडेटच्या आधी चार्जर लावलाय ना, ते बघा.

ऑफिसात 'मशीन कोणी नीट बंद केलं नाही' यावरून वाद होत असतील तर विंडोजकडे लेखी नोंद असते. स्टार्टमध्ये 'इव्हेंट व्ह्यूअर' शोधा, 'विंडोज लॉग्ज'मध्ये 'सिस्टम' उघडा आणि उजवीकडच्या 'फिल्टर करंट लॉग'मध्ये १०७४, ६००६, ६००८ आणि ४१ हे क्रमांक टाका. १०७४ म्हणजे कुणीतरी रीतसर बंद किंवा रिस्टार्ट केलं. त्यात कुठल्या लॉगिनने, कुठल्या प्रोग्राममधून, कधी, हे सगळं मिळतं. ६००६ म्हणजे नोंदवही शांतपणे मिटली. ६००८ म्हणजे मागचं बंद होणं अनपेक्षित होतं. ४१ म्हणजे नीट बंद न होताच मशीन पुन्हा सुरू झालं. ४१ च्या नोंदी रोज ठराविक वेळेच्या आसपास दिसल्या तर माणसावर आळ घेण्याआधी त्या वेळेला लाइट जाते का ते तपासा. कुठल्याही वेळी दिसल्या तर सप्लाय, वायरचं सैल टोक किंवा तापणं यांचा संशय घ्यावा.

बंद झाल्यावरही सगळं संपत नाही. रॅममधला मजकूर काही सेकंदांत विरतो, पण एका क्षणात नाही. २००८ मध्ये प्रिन्स्टनच्या संशोधकांनी दाखवलं की चिप गार केली तर तो कित्येक मिनिटं टिकतो, आणि त्यातून डिस्कच्या कुलपाची किल्लीही वाचता येते. लॅपटॉप दुरुस्तीला देताना किंवा प्रवासात सोडताना झोपवून ठेवू नये, पूर्ण बंद करावा, त्याचं कारण हे. झोपेत रॅमला वीज चालूच असते आणि किल्ली तिच्यात तशीच असते.

डेस्कटॉप बंद असतानाही भिंतीवरचं बटण चालू असेल तर सप्लायची एक ५ व्होल्टची लाइन मदरबोर्डला वीज देत राहते. पॉवरचं बटण दाबल्यावर मशीन जागं होतं ते तिच्यामुळेच. म्हणून कॅबिनेट उघडून रॅम काढायची किंवा धूळ झटकायची असेल तर नुसतं शटडाउन पुरेसं नाही. प्लग काढा, मग पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा म्हणजे कपॅसिटरांत राहिलेली वीज निघून जाईल, आणि मगच आत हात घाला.

प्लग काढल्यावरही घड्याळ चालतं ते मदरबोर्डवरच्या सीआर २०३२ या नाण्याएवढ्या ३ व्होल्टच्या सेलवर. रोज रात्री भिंतीवरचं बटण बंद करण्याची सवय असेल तर हा सेल जरा लवकर संपतो. सकाळी तारीख भलतीच दिसायला लागली आणि वेबसाइट सुरक्षित नसल्याच्या तक्रारी एकदम सगळीकडे येऊ लागल्या, तर व्हायरस शोधत बसण्याआधी हा सेल बदलून बघा. घड्याळाच्या दुकानातही मिळतो. बदलल्यावर बायोसमध्ये जाऊन तारीख, वेळ आणि कुठल्या डिस्कवरून सुरू व्हायचं तो क्रम तपासून घ्या.